पुन्हा पायांवर : खुब्याच्या सांधेरोपणानंतरची वाटचाल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांच्या वर्गात मी विद्यार्थी म्हणून बसलो आहे आणि पुढे त्यांच्याच शाळेत मी तीस-पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षणशास्त्र अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी विचार मांडले. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही, आणि मी निवडलेला विषयही तितका भारदस्त नाही. मी आज खुब्याच्या सांध्याविषयी बोलणार आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. गुरुजींचा अंत खुबा मोडल्यामुळे झाला, हे येथील ज्येष्ठ मंडळींना ठाऊक आहे. २०२२ साली माझाही खुबा मोडला. गुरुजी खाटेवरून उठले नाहीत. मी मात्र आज या सभागृहाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून आलो. या दोन घटनांमध्ये जे अंतर आहे, ते काही अंशी शास्त्राने तोडले आहे आणि काही अंशी आपल्या समजुतींनी अजून तसेच राखले आहे. ते समजावून सांगणे हाच या व्याख्यानाचा हेतू होय.

१९७३ चा श्रावण

गुरुजी निवृत्त होऊन तेव्हा दहा-बारा वर्षे लोटली होती. श्रावणातल्या एका पहाटे ते विहिरीच्या ओट्यावर शेवाळावरून घसरले. उचलून आणले तेव्हा उजवा पाय किंचित आखूड दिसत होता आणि तळपाय बाहेरच्या अंगाला कलंडला होता. खुब्याजवळचे हाड मोडल्याची ही ठळक खूण असते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. डॉक्टरांनी नागपूरला नेण्यास सुचविले. १९५६ पूर्वी नागपूर ही आपली राजधानी होती आणि राज्य बदलल्यावरही मोठ्या दुखण्यासाठी बालाघाटचा माणूस नागपूरकडेच पाहत आला आहे. परंतु त्या काळी छोट्या लाइनच्या गाडीने गोंदियाला जायचे आणि तेथे गाडी बदलायची. मोडलेला पाय घेऊन हा प्रवास कसा व्हावा? शिवाय या वयात चिरफाड नको, असे घरच्या वडीलधाऱ्यांचे मत पडले.

आम्ही विद्यार्थी आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसत असू. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. गुरुजी अधूनमधून म्हणत, "बाळ, मला जरा टेकवून बसव रे." आणि आम्ही हात जोडून सांगत असू, "गुरुजी, हाड जुळेपर्यंत हलायचं नाही. तुम्ही स्वस्थ पडून राहा." त्यांनी आयुष्यभर आम्हांला आज्ञा केल्या आणि आम्ही त्या पाळल्या. ही एकच पाळली नाही. अकरा आठवडे ते उताणे पडून होते. पाठीला शय्याव्रण झाले, छातीत कफ साठला, ताप चढू लागला, आणि कार्तिकात ते गेले. मोडलेल्या हाडाने त्यांचा जीव घेतला नाही. पडून राहण्याने घेतला. त्या पडून राहण्यावर आम्ही प्रेमाने पहारा दिला होता.

सांध्याची रचना आणि तो का बदलावा लागतो

खुब्याचा सांधा म्हणजे उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकतो. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो आणि तो त्या वाटीत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. गोळा आणि मांडीचे हाड यांना जोडणाऱ्या निमुळत्या भागाला हाडाची मान म्हणतात. वृद्धपणी हाडे विरळ होतात आणि साध्या घसरण्यानेही ही मान मोडते.

मोडलेले मनगट जुळते, मग ही मान का जुळत नाही? कारण गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेच्या कडेनेच वर चढतात. मान मोडून सरकली की त्या वाहिन्याही तुटतात. पाणी तोडलेल्या बांधीतला धान जसा वाळतो, तसा तो गोळा आतून निर्जीव होतो. म्हणून उतारवयात असा अस्थिभंग झाल्यास गोळा काढून कृत्रिम गोळा बसविणे इष्ट ठरते. काहींना केवळ गोळा बसवितात. जे हिंडतेफिरते आहेत त्यांना बहुधा वाटीसह संपूर्ण सांधा बसवितात. संधिवाताने कूर्चा झिजून गेली असल्यास हीच शस्त्रक्रिया करतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहास चिकाटीचा आहे. १८९१ मध्ये बर्लिनच्या ग्लुक यांनी हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. १९३८ मध्ये अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी गोळ्यावर मिश्रधातूची टोपी चढविली. परंतु खरा पाया घातला तो इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील जॉन चार्नली यांनी. आधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती काही वर्षांतच झिजली आणि तिच्या कणांनी भोवतालच्या हाडामांसाचे नुकसान केले. चार्नली यांनी त्या पदार्थाचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून परिणाम तपासला, चूक मान्य केली आणि त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. १९६२ मध्ये त्यांनी धातूचा लहान गोळा, टणक पॉलिथिलीनची वाटी आणि दोन्ही पक्के बसविण्यासाठी दंतवैद्यकात रूढ असलेल्या जातीचे ॲक्रिलिक सिमेंट अशी जुळणी सिद्ध केली. आजचे सांधे याच कल्पनेची अपत्ये आहेत. २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका लेखाने या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटले. भारतात ही वाट रुळविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव आदराने घेतले जाते.

दुसऱ्या दिवशीचा धडा

२ ऑगस्ट २०२२, नागपंचमीचा दिवस. अंगणातल्या फरशीवर मी घसरलो. पाय पाहिला आणि एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा तो कलंडलेला तळपाय डोळ्यांपुढे उभा राहिला. या वेळी कोणी वाद घातला नाही. संध्याकाळी आम्ही नागपुरात होतो आणि ४ तारखेच्या सकाळी शस्त्रक्रिया झाली. असा अस्थिभंग झाल्यास प्रकृती स्थिर करून शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असा आजचा दंडक आहे. कारण खाटेवरचा प्रत्येक दिवस धोका वाढवीत असतो.

५ तारखेस सकाळी एक तरुण फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आली आणि म्हणाली, "काका, चला, उभं राहायचंय." माझी पत्नी तिच्यावर रागावलीच. "अहो बाई, कालच तर ऑपरेशन झालंय! टाके तरी सुकू द्या." मलाही ते क्रूरपणाचे वाटले. मी तोंड उघडून "आज नको" म्हणणार, इतक्यात गुरुजींचा स्वर कानांत आला : मला जरा टेकवून बसव रे. मी हात पुढे केला. त्या दिवशी मी चार पावले टाकली. घामाने अंग भिजले. पण ती पावले माझी होती.

हे शक्य होते, कारण हाड जुळण्याची वाट येथे पाहावी लागत नाही. रोपण केलेला सांधा बहुधा पहिल्या दिवसापासून भार घेतो. बऱ्या व्हायच्या असतात त्या त्वचा, स्नायू आणि मनाची भीती. उभे राहिल्याने फुप्फुसे पुरती फुलतात, आतडी हलतात आणि शय्याव्रण टळतात. पोटरीचे स्नायू तर पायातले रक्त वर ढकलणारा पंपच आहेत. ते निश्चल राहिले की रक्त साकळते. तयार झालेली गाठ सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते. म्हणून घोटे वरखाली हलविण्याचा, दिसायला पोरकट असा व्यायाम दर तासाला करायचा आणि रक्त पातळ ठेवणारे औषध नेमून दिलेले सर्व दिवस घ्यायचे. वेदनाशामक गोळीही कण्हत सहन करून शेवटी घ्यायची नसते. व्यायामाच्या आधी घेतली की व्यायाम साधतो.

काठी कोणत्या हातात?

येथे विज्ञानशिक्षक म्हणून मला थोडी मुभा द्यावी. दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात काठी धरलेले कितीतरी लोक आपण पाहतो. ते चूक आहे, आणि का चूक आहे हे तरफेच्या नियमावरून कळते.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या वेळी खुब्याचा सांधा हा तरफेचा टेकू होतो. टेकूच्या एका अंगाला शरीराचे वजन, आणि ते लांब दांड्यावर. दुसऱ्या अंगाला खुब्याच्या बाहेरील बाजूचे स्नायू, आणि त्यांचा दांडा सुमारे निम्माच. आखूड दांड्यावर बसलेल्याला तोल राखण्यासाठी दुप्पट जोर लावावा लागतो. वजन आणि स्नायूंचा जोर असे दोन्ही भार सांध्यावर पडतात आणि त्यांची बेरीज वजनाच्या अडीच ते तीन पट होते. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीडशे किलोंहून अधिक भार येतो तो असा.

आता काठी चांगल्या बाजूच्या हातात धरा. ती टेकूपासून सर्वांत दूर असते, म्हणून तिचा दांडा सर्वांत लांब होतो. हाताने थोडासा दाब दिला तरी स्नायूंचे मोठे ओझे उतरते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो. पण त्याचा अर्थ माझ्या उजव्या खुब्याला तेव्हा उमगला, जेव्हा मी काठी डाव्या हातात घेतली आणि डुलत चालणे थांबले.

जिन्याचाही असाच नियम आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. शरीर उचलण्याचे आणि सावकाश खाली सोडण्याचे कष्ट दोन्ही वेळी चांगल्या पायाने घ्यावेत, हे त्यामागचे कारण.

पाट, मांडी आणि उकिडवे बसणे

रुग्णालयातून ९ तारखेस सुटलो. मोटारीत बसताना आधी पाठमोरे होऊन बैठक टेकवायची आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आसनावर टणक उशी ठेवून, वाटेत तासातासाने उतरून उभे राहत आम्ही बालाघाटला आलो. खरी परीक्षा घरी सुरू झाली.

परदेशी पुस्तकांतले घर खुर्चीवर चालते. आपले घर जमिनीवर चालते. जेवण पाटावर, पूजा मांडी घालून, शौच उकिडवे बसून. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते बारा आठवडे सांध्याभोवतालचे आवरण जुळत असते. मागच्या बाजूने छेद घेऊन शस्त्रक्रिया केली असल्यास या काळात तीन गोष्टी वर्ज्य असतात : कमरेशी काटकोनापेक्षा अधिक वाकणे, पायावर पाय टाकणे आणि तळपाय आतल्या बाजूला वळविणे. त्या एकत्र घडल्या तर गोळा वाटीतून निसटू शकतो. पाटावर बसणे म्हणजे पहिली गोष्ट, आणि पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचणे म्हणजे दुसरी. या दुसऱ्या सवयीने मला फार छळले. शेवटी नातवाने खुर्चीसमोरच्या भिंतीवर "आजोबा, पाय!" असा कागद चिकटवला.

म्हणून रुग्ण घरी येण्याआधीच घर सज्ज करावे. गुडघ्यापेक्षा किंचित उंच अशी हातांची खुर्ची, उंच खाट, झोपताना दोन पायांमध्ये उशी, संडासात कमोड, तो नसल्यास मध्ये छिद्र असलेली भक्कम खुर्ची, भिंतीला धरायला दांडा, जमिनीवरच्या सतरंज्या उचललेल्या, रात्री एक दिवा. खाली पडलेली वस्तू उचलायला एक लांब चिमटा असावा. एवढ्याला फार पैसा लागत नाही, पण आधी विचार लागतो.

३१ ऑगस्टला गणपती आले. आमच्या घरी प्रतिष्ठापना घरातल्या ज्येष्ठाने पाटावर बसून करायची असा प्रघात. शस्त्रक्रियेला पुरते चार आठवडेही झाले नव्हते. "पाच मिनिटांनी काय होतं?" असे एका आप्तांनी म्हटलेच. मनातून मलाही तेच हवे होते. परंतु मी खुर्चीवर बसून मंत्र सांगितले आणि पाटावर नातू बसला. त्या सकाळी आपण घरातले कर्ते उरलो नाही असे मला वाटले, हे मी लपवीत नाही. आरती झाल्यावर तो येऊन म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षी पण मीच बसणार." तेव्हा ध्यानात आले की गेले ते आसन; मान गेला नव्हता.

पुढे काय, याचे उत्तर प्रत्येकाच्या शल्यचिकित्सकाने द्यायचे असते. आजच्या मोठ्या गोळ्यांच्या सांध्यांत निसटण्याची भीती कमी असते आणि काहींना कालांतराने मांडी घालण्याची मोकळीक मिळते. छेद पुढून घेतला असल्यास बंधने निराळी असतात. शेजाऱ्याला चालले म्हणून आपल्याला चालेल, असे मात्र समजू नये. मला साधारण पाच आठवडे वॉकर आणि तीन महिन्यांपर्यंत काठी लागली. स्नायूंचे बळ पूर्ववत व्हायला जवळजवळ वर्ष गेले.

सावधगिरीच्या खुणा

जखमेतून पाणी किंवा पू येणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे, किंवा झटका बसून पाय आखूड होणे : यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. मधुमेह आटोक्यात ठेवावा. दातातला पू, पायावरचे गळू, लघवीतला जंतुसंसर्ग यांची हयगय करू नये. रक्तातून फिरणारे जंतू कृत्रिम सांध्यावर घर करतात आणि तेथून ते सहजी हटत नाहीत. ज्याचे हाड साध्या घसरण्याने मोडले, त्याची उरलेली हाडेही विरळ आहेत हे ओळखून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करणारी औषधे यांविषयी विचारून घ्यावे. आणि पुन्हा पडू नये, हे सर्व औषधांहून मोठे औषध. मी घरी परतण्याआधीच मुलाने अंगणातले शेवाळ घासून काढले होते.

शेजारच्या खाटेवरचा तरुण

विद्यार्थिमित्रहो, खुबा हा केवळ म्हाताऱ्यांचा विषय आहे असे समजून तुम्ही ऐकत असाल, तर आता विशेष लक्ष द्या. रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर आपल्याच जिल्ह्यातील बैहरकडचा एक तरुण होता. वय अवघे सव्वीस. तो कोठेही पडला नव्हता. त्याला सिकलसेलचा आजार होता.

या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला जाणाऱ्या वाहिन्या अशाच बारीक असल्याने, मान न मोडताही गोळ्याचे रक्त तुटते आणि तो झिजून चपटा होतो. विदर्भ, छत्तीसगड आणि आपला पूर्व मध्य प्रदेश या पट्ट्यात हा आजार पुष्कळ आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून झाला, तो उगीच नव्हे.

माझ्या वयात बसविलेला सांधा बहुधा जन्माला पुरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे अठ्ठावन्न सांधे पंचवीस वर्षे टिकतात. परंतु सव्विसाव्या वर्षी बसविलेला सांधा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याचा संभव मोठा. तो तरुण मला म्हणाला, "सर, मला लवकर दाखवायला हवं होतं. मांडीत दुखायचं, पण घरचे म्हणायचे, कामाने दुखत असेल." जांघेत किंवा मांडीत टिकून राहणारी वेदना आणि लंगडणे यांची वेळीच तपासणी केली, तर काहींचा स्वतःचा सांधा अधिक काळ राखता येतो. दोन्ही पालक सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. तुमच्यापैकी प्रत्येकाने रक्ताची ही साधी तपासणी करून घ्यावी, हे माझे मागणे आहे.

खर्चाच्या भीतीने अनेक कुटुंबे शस्त्रक्रिया लांबवितात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत सांधेरोपणाचा अंतर्भाव आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, तिचा लाभ खुला झाला आहे. घरातल्या वृद्धांचे कार्ड काढून ठेवणे हे नातवंडांचे काम समजा.

उपसंहार

सांधा बदलण्याचे काम शल्यचिकित्सक दोन-अडीच तासांत पुरे करतो. चालणे मात्र तो बसवून देऊ शकत नाही. ते रुग्णाला पावलापावलाने परत मिळवावे लागते, आणि त्यात घरच्यांचा वाटा फार मोठा असतो. आपल्याकडे सेवा म्हणजे रुग्णाला हलू न देणे, पाण्याचा पेला हातात देणे, "तुम्ही पडून राहा" म्हणणे. ही माया खरीच असते, म्हणूनच तिची दिशा चुकली की ती अधिक घातक ठरते. खुब्याच्या रुग्णाची सेवा म्हणजे पेला चार पावलांवर ठेवणे आणि ती चार पावले त्याच्या शेजारून चालणे. माझ्या पत्नीला हे शिकायला एक आठवडा लागला. त्यानंतर तिने मला एकदाही बसल्या जागी चहा दिला नाही.

गुरुजींना आम्ही बसवले नाही, याची खंत मी गेली पन्नास वर्षे वाहत आहे. त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते, एवढेच आमचे समर्थन. आज आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आपल्या घरात कोणी असे पडले आणि आर्जवाने म्हणाले, "मला जरा बसव," तर डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी होकार देताच हात पुढे करा. गुरुजींच्या स्मृतीला माझी तीच आदरांजली होय.